ढवळाढवळ

बर्फाचा साचा रिकामा होता. रिकामा असण्याबद्दल डॉक्टरांचं काही म्हणणं नव्हतं. साचे रिकामे होतातच. पण कोणीतरी त्यातला शेवटचा खडा काढून घेतला होता, पाणी भरलं नव्हतं, आणि तो कोरडा ठणठणीत साचा पुन्हा फ्रीजरमध्ये जागच्या जागी ठेवून वर दारही नीट लावलं होतं. हा विसराळूपणा नव्हे, हा विश्वासघात आहे, असं डॉक्टरांचं मत पडलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे कोणी केलं?" ते गरजले.

घरात त्यांच्याखेरीज बायको, मुलगी आणि मदतीच्या नावाखाली सकाळपासून येऊन बसलेला मेव्हणा, अशी तीन माणसं होती. तिघांनी तीन खोल्यांतून एकदम "काय?" असं विचारलं, आणि कोणीही जागचं हललं नाही.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. समोर आलेल्या माणसाला दहा अंक मोजायच्या आत गप्प करायचं, हाच त्यांचा उभ्या हयातीचा धंदा. ऑपरेशनच्या टेबलावर आजवर एकाही पेशंटने त्यांना "पण मी काय म्हणते" असं ऐकवलं नव्हतं. घरी दिवस उजाडायचा तोच ह्या वाक्याने. त्यामुळे डॉक्टर हॉस्पिटलात थंडगार आणि घरात तापलेला तवा. त्यांच्या रागापुढे आजवर एक गालिचेवाला, दोन सुतार आणि मुलीला गाणं शिकवायला येणाऱ्या एक बाई, एवढी माणसं चपला हातात घेऊन पळाली होती.

म्हणूनच मुलीने सकाळी चहाबरोबर तंबी दिली होती.

"बाबा, आज संध्याकाळी चिडायचं नाही. काहीही झालं तरी."

"मी कधी चिडतो?" डॉक्टर चिडून म्हणाले.

आज मुलीने पसंत केलेला मुलगा आपल्या आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होता. मुलाचे वडील बोटीवर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त झाले तरी लोक त्यांना अजून चीफच म्हणत. ही सगळी माहिती मेव्हण्याने पुरवलेली. मेव्हण्याचं खुर्च्या-टेबलांचं दुकान होतं, पण खुर्च्या-टेबलं सोडून बाकी सगळ्या विषयांत त्याला गती होती. चीफ आणि तो एकाच तलावावर पोहायला जात.

"दाजी, माणूस जगभर हिंडलेला आहे," मेव्हण्याने पंधरा दिवसांपूर्वी बजावलं होतं. "त्याच्यापुढे सरबत ठेवाल तर हसं होईल. तो एकच गोष्ट पितो. आयरिश व्हिस्की दोन भाग, पोर्ट वाइन एक भाग, वरून कडू अर्काचे दोन थेंब. काचेच्या जारमध्ये भरपूर बर्फ घ्यायचा, लांब चमच्याने शांतपणे ढवळायचं, गाळायचं, द्यायचं. तेसुद्धा यजमानाने स्वतःच्या हाताने. नाहीतर तो अपमान समजतो."

"समजू दे!"

"दाजी, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

झालं. डॉक्टरांनी बाटल्या आणल्या, जार आणला, आणि आठवडाभर रोज सुई काढलेल्या सिरिंजने माप घेऊन सराव केला. तयार झालेलं पेय त्यांना स्वतःला मुळीच आवडलं नाही. खोकल्याच्या औषधाला चांगल्या घरातली मुलगी सांगून यावी, असा काहीतरी तो प्रकार होता. पण पेशंटला काय द्यायचं हे डॉक्टरच्या जिभेवर अवलंबून नसतं, असं म्हणून त्यांनी हात बसवला. हात बसला, आणि ऐन वेळी बर्फाने दगा दिला.

"मी आणतो की!" मेव्हणा उठला. "त्यात काय एवढं? बर्फ म्हणजे काय, पाणीच ते."

तो पिशवी घेऊन गेला आणि आश्चर्य म्हणजे लगेच परत आला. पिशवीत बर्फाचा मोठा चुरा होता. डॉक्टरांनी पिशवी उघडली, वाकून आत पाहिलं आणि झटक्यात मान मागे घेतली.

"कुठून आणलास हा?"

"कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याकडून. फुकट दिला बिचाऱ्याने."

"ह्यात खवले आहेत!"

"वरच्या थरात असतील. खालचा बघा, कसा काचेसारखा आहे. आणि व्हिस्कीपुढे मासळीचा वास काय टिकणार, दाजी? व्हिस्कीने ऑपरेशनची हत्यारं धूत पूर्वी. तुम्हाला माहीत असेलच."

डॉक्टरांचं तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी तोंड मिटलं. गिळलेला राग पोटात जातो म्हणतात. डॉक्टरांचा मानेत गेला आणि मान डावीकडे वळेनाशी झाली.

"वरच्या बाईंकडे असेल बर्फ," बायकोने आतून सुचवलं.

"मी मरेन पण तिच्या दारात जाणार नाही."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांच्या कुंड्यांचं पाणी रोज सकाळी डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर टपकत असे. ह्यावरून गेल्या महिन्यात जिन्यात मोठं भांडण झालं होतं, आणि रागाच्या भरात डॉक्टर "तुमची झाडंही तुमच्यासारखीच गळकी" असं काहीसं बोलून गेले होते. नेमकं काय म्हणायचं होतं ते त्यांचं त्यांनाही नंतर कळलं नव्हतं. पण लागलं होतं खरं.

"पोरीच्या जन्माचा..." मेव्हण्याने सुरुवात केली.

"जातो!" डॉक्टर ओरडले आणि भांडं घेऊन जिना चढले.

शिक्षिकेने दार उघडलं, भांड्याकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली.

"बर्फ हवा होता थोडा," डॉक्टर भिंतीकडे बघून म्हणाले.

"आणि?"

"आणि... त्या दिवशी जिन्यात... चुकलं."

"काय म्हणालात? मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"चुकलं माझं!"

"असं खेकसून नाही. परत."

डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना टेबलावरच्या पेशंटचा हेवा वाटला. तिसऱ्या वेळी त्यांची माफी पास झाली. बाईंनी आत जाऊन भांडं भरून आणलं. बर्फ स्वच्छ होता, टणक होता, काचेसारखा होता. फक्त प्रत्येक खड्याला चोच होती.

"बदकं आहेत ही," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"नातवंडांचा साचा आहे. आमच्याकडे दारू पीत नाहीत, त्यामुळे मोठ्यांचा बर्फ नसतो."

बदकं घेऊन डॉक्टर खाली आले. आता फक्त ढवळायचं, असं स्वतःला बजावत त्यांनी ओट्यावरची पोर्टची बाटली उचलली. ती नको इतकी सहज उचलली गेली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली. तळाशी बोटभर लाल रंग उरला होता.

"अहो," बायको शेगडीपाशी उभी राहून समाधानाने म्हणाली, "वास बघा कसा सुटलाय. नासपती शिजवलीत मी लवंग घालून. जेवणानंतर गोड म्हणून."

"कशात शिजवलीस?"

"त्या लाल वाइनमध्ये."

"ती पाहुण्यांसाठी होती!"

"मग नासपती कोणासाठी आहेत?"

"अगं, ती प्यायची होती! व्हिस्कीत घालून! आठवडाभर मी इथं काय करत होतो असं वाटलं तुला?"

"मला काय माहीत तुम्ही काय करता? ओट्यावर ठेवलेलं ते स्वयंपाकातलं. व्हिस्की कपाटात होती, तिला लावला मी हात? आणि आवाज खाली. सकाळपासून एकटी खपतेय मी. चिडायचं झालं तर मीसुद्धा चिडू शकते."

ती चिडू शकते हे डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक होतं. ते वर्षातून एकदा होई आणि त्याची भीती वाटे. त्यांनी मुकाट्याने सिरिंज काढली आणि उरलेली पोर्ट मोजली. कशीबशी दोन ग्लासांपुरती होती.

"एक चीफना, एक मला. तोंडदेखलं मलाही प्यावं लागेल."

"आणि मला?" मेव्हणा एकदम पुढे आला. त्याच्या आवाजात एवढी कळकळ होती, की दुसऱ्या कोणाला शंका आली असती. डॉक्टरांना फक्त राग आला.

"तू पाणी पी. तुझा मासळीचा बर्फ घालून!"

आणि दाराची घंटा वाजली.

चीफ दारात मावत नव्हते. मान बॉयलरसारखी, पंजे पान्यासारखे, अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट. पण तोंडातून आवाज आला तो शेवरीच्या कापसासारखा.

"नमस्कार, डॉक्टरसाहेब. फार आनंद झाला. घर किती सुरेख आहे आपलं!"

असं म्हणताना त्यांनी पायपुसण्यावर ठेच खाल्ली, पायाचा अंगठा दाराच्या चौकटीवर आपटला, आणि क्षणभर त्यांच्या कपाळावरची शीर टरारून फुगली. मागून त्यांच्या बायकोने बारीकसं खाकरलं. शीर बसली.

"पायपुसणंसुद्धा सुरेख," चीफ म्हणाले.

त्यांनी कागदात गुंडाळलेली एक जड भेट डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिली. सगळे बसले. मुलगा सोफ्याच्या काठावर, मुलगी त्याच्यासमोर, आणि दोघंही आपापल्या वडिलांकडे असे बघत होते, की जणू दोघांच्या खिशांत पेटती काडी आहे.

डॉक्टर स्वयंपाकघरात गेले. जारमध्ये बदकं ओतली, व्हिस्की ओतली, पोर्ट ओतली, कडू अर्काचे दोन थेंब टाकले आणि लांब चमचा फिरवायला घेतला. बदकं एकमेकांच्या शेपट्या पकडून गोल गोल पोहू लागली.

"दाजी, जरा जोरात," मेव्हण्याने खांद्यावरून मान घातली. "असं ढवळून चव आत शिरत नाही."

"तूच सांगितलंस ना शांतपणे ढवळायचं!"

"शांतपणे म्हणजे मनाने शांत. हात जोरातच हवा. उलटा फिरवून बघा ना एकदा."

"ढवळतोय ना मी? मग तू ढवळाढवळ करू नकोस!" डॉक्टर दात आवळून कुजबुजले. कुजबुजत ओरडणं फार अवघड असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन ग्लास गाळून भरले, प्रत्येकात एकेक बदक सोडलं आणि ट्रे घेऊन बाहेर आले.

"खास तुमच्यासाठी," डॉक्टर सगळे दात दाखवून म्हणाले.

"छे छे, हे तर खास तुमचंच," चीफही सगळे दात दाखवून म्हणाले.

दोघांनी एकेक घोट घेतला. चीफचे डोळे हळूहळू मोठे झाले. डॉक्टरांची जीभ टाळूला चिकटली. दोन्ही बाजूंच्या बायका बघत होत्या. पोरं बघत होती. ग्लासातली बदकंही वर आली आणि बघू लागली.

"वा," चीफ म्हणाले.

"वा वा," डॉक्टर म्हणाले.

पुढचा घोट कोणी घ्यायचा, ह्याची दोघं वाट पाहू लागले. शेवटी चीफ ग्लास हातात धरूनच उठले. "जरा पाणी घेतो मी. नाही नाही, तुम्ही बसा, माझं मी घेतो. घरचंच आहे आता." आणि ते स्वयंपाकघराकडे गेले.

यजमानाने बसून राहावं आणि होणाऱ्या व्याह्याने स्वतःच्या हाताने पाणी घ्यावं, हे डॉक्टरांना बरं दिसेना. आपला ग्लास टेबलावर ठेवून ते मागोमाग निघाले.

दारातून त्यांना जे दिसलं ते असं. एका कोपऱ्यात मेव्हणा पाठ करून उभा होता. आपल्याला ग्लास मिळाला नाही म्हणून त्याने मुलीची व्यायामशाळेत न्यायची प्लास्टिकची बाटली घेतली होती, तीत कपाटातली व्हिस्की, पातेल्यातला नासपतीचा लाल रस आणि मासळीवाल्याचा बर्फ भरला होता, आणि आता ती तो दोन्ही हातांनी धरून जिवाच्या आकांताने हलवत होता. पण डॉक्टरांचं त्याच्याकडे लक्ष गेलंच नाही. कारण त्याच्या शेजारी, बेसिनपाशी चीफ उभे होते, चोरासारखे इकडेतिकडे बघत होते, आणि डॉक्टरांनी आठवडाभर सराव करून, मासळी हुंगून, तीनदा माफी मागून बनवलेलं ते पेय शांतपणे मोरीत ओतत होते. बदक घसरत घसरत जाळीपर्यंत गेलं आणि तिथे चोच वर करून अडकलं.

डॉक्टरांच्या मानेत साठलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"मोरीत?" ते असे ओरडले, की भांडी वाजली. "मोरीत ओतताय?"

मेव्हणा दचकला. दचकून त्याने बाटली दाबली. झाकण सुटून छताला लागलं, आणि लवंगेचा, व्हिस्कीचा आणि मासळीचा तो लालभडक फवारा चीफच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर बसला.

चीफच्या हनुवटीवरून एक थेंब ओघळला. एक खवला त्यांच्या खिशाला चिकटून चमकत होता. दारात त्यांची बायको येऊन पोचली आणि तिने खाकरलं. ह्या वेळी उपयोग झाला नाही. बॉयलर फुटला.

"खड्ड्यात गेलं ते खाकरणं!" पस्तीस वर्षं इंजिनांच्या वर ओरडलेला तो आवाज होता, खिडकीची काच थरथरली. "हो! मोरीत ओततोय! आवडत नाही मला हे! थू! पंधरा दिवस झाले, रोज नाक दाबून घोट घोट पितोय घरी! सवय व्हावी म्हणून! कोणासाठी? तुमच्यासाठी!"

"माझ्यासाठी?" डॉक्टर तेवढ्याच जोरात ओरडले. "मला आवडतं असं कोणी सांगितलं? मी हे तोंडात धरत नाही! तुमच्यासाठी ढवळतोय मी आठवडाभर! हात भरून आला माझा!"

"मला तर सांगितलं, डॉक्टर स्वतःच्या हाताने बनवून देतात, आणि कोणी नको म्हटलं तर संबंध तिथंच तोडतात!"

"मला सांगितलं, तुम्ही दुसरं काही मिळालं तर अपमान समजता!"

"मी साधं लिंबूपाणी पितो!"

"मीसुद्धा!"

"मग ओरडताय कशाला?"

"तुम्ही ओरडताय म्हणून!"

दोघं श्वास घ्यायला थांबले. डॉक्टरांच्या बायकोने तेवढ्यात हातातल्या भेटीचा कागद फाडला. आत एक आयरिश व्हिस्कीची बाटली होती आणि एक पोर्टची. तिने दोन्ही मुकाट्याने ओट्यावर ठेवल्या.

"हे सांगितलं कोणी तुम्हाला?" तिने विचारलं.

चीफ आणि डॉक्टर दोघांनीही एकाच कोपऱ्याकडे बोट केलं. कोपरा रिकामा होता. प्लास्टिकची बाटली तेवढी आडवी पडून गळत होती.

मेव्हणा बैठकीत सापडला. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून, डॉक्टरांचा टेबलावर राहिलेला ग्लास त्याने उचलला होता, आणि बदक नाकाला लागू नये म्हणून मान तिरकी करून तो शेवटचा घोट घेत होता. सगळे दारात गोळा झालेले पाहून त्याने ग्लास खाली ठेवला.

"विमानात एका मासिकात वाचलं होतं," तो पडेल आवाजात म्हणाला. "फोटो इतका सुरेख होता, ताई. लाल रंग, त्यात दिव्याची तिरीप. तेव्हापासून मनात घर करून बसलं होतं. आमच्या घरी बाटली येऊ शकत नाही, तुला माहितीये. म्हटलं, दोन्हीकडे सांगून ठेवावं. ह्यांच्याकडे नाहीतर त्यांच्याकडे, कुठंतरी घोटभर मिळेलच."

"पोरीच्या जन्माचा प्रश्न होता ना रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग? ठरतंय की लग्न. दोन घरं जवळ आली."

"आणि कसं होतं ते?" ताईने अतिशय शांतपणे विचारलं. तिची ती वर्षातून एकदाची वेळ आली होती.

मेव्हण्याने जीभ टाळ्याला लावून विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असावं, पण जाणकारपणा आडवा आला.

"खरं सांगू? काही विशेष नाही. जरा गोडच आहे."

मग चीफ डॉक्टरांकडे वळले, आणि संध्याकाळभर वापरलेल्या त्याच मऊ, कापसासारख्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही माणसाला बेशुद्ध करता ना?"

"करतो."

"नंतर शुद्धीवर आणणं सक्तीचं असतं का हो?"

पहिलं हसू फुटलं ते मुलीला. ती हसत हसत सोफ्यावर कोसळली आणि तिच्या पाठोपाठ मुलगा. त्याच्या आईने डोळ्यांना पदर लावला. "अहो, आम्ही ह्यांना शपथ घातली होती न चिडण्याची," ती डॉक्टरांच्या बायकोला म्हणाली. "तुमचे डॉक्टर फार शांत आहेत असं कळलं होतं ना."

"कोणाकडून कळलं ते सांगू नका," डॉक्टरांची बायको म्हणाली, आणि भावाचा कान धरून त्याला आत घेऊन गेली.

चीफना डॉक्टरांचा एक सदरा दिला. त्याची बटणं लागेनात. तशाच उघड्या सदऱ्याने ते बाल्कनीत लिंबूपाणी घेऊन बसले, शेजारी डॉक्टर बसले, आणि दोघांनी रागवायला सुरुवात केली. फोन करून "ओळखा पाहू कोण" म्हणणाऱ्या माणसांपासून ते निघाले. तिथून लिफ्टचं दार उघडं टाकून जाणाऱ्यांवर आले, मग रांगेत मागून धक्का देणाऱ्यांवर. एकाने एक माणूस काढावा आणि दुसऱ्याने त्याच्यावर तुटून पडावं, अशी जुगलबंदी रंगली. डॉक्टरांची मान कधी मोकळी झाली ते त्यांनाही कळलं नाही. सूप दोनदा गरम करून झालं. मुलगा बोलवायला निघाला, तसं त्याच्या आईने त्याला थांबवलं.

"राहू दे रे. एवढ्या खुशीत मी त्यांना बोटीवरून उतरल्यापासून पाहिलं नाही."

न्हाणीघरात मेव्हणा बादलीपुढे बसून चीफचा शर्ट चोळत होता. छातीवरचा डाग आता पाठीपर्यंत पसरला होता. त्याची ताई कमरेवर हात ठेवून दारात उभी होती, आणि तो तिला सांगत होता, "एक लक्षात ठेव ताई, असले डाग चोळायचे नसतात. लोकांना हेच माहीत नसतं."